शिडी, हात व चिंचोके : मुलांस स्वरलेखन वाचावयास कसे शिकवावे



आपल्या खेड्यांतील मुले गातात, व चांगली गातात, हे कोणास सांगावयास नको. एकदा ऐकलेली चाल त्यांच्या कंठात बसते ती वर्षानुवर्षे जात नाही. परंतु तेच मूल, ज्याला पुस्तकातील शब्द खडखडीत वाचता येतात, त्याच्यापुढे शब्दांच्या वर छापलेले स्वर ठेवले म्हणजे ते गप्प बसते. कोणी येऊन चाल म्हणून दाखवीपर्यंत ते गीत त्याच्यासाठी बंद पेटीसारखेच राहते.

ह्याचा परिणाम काय होतो तो मी एका मंडळीत जवळून पाहिला आहे. तेथे एक वृद्ध गृहस्थ होते. पुस्तकातील बहुतेक गीतांच्या चाली त्यांस मुखोद्गत होत्या, आणि त्यांनी आरंभ केला की सर्व मंडळी मागून म्हणत असे. ते वारले. पुढील पावसाळा संपेपर्यंत त्या मंडळीत पाचसहाच चाली उरल्या. पुस्तक तेच, पाने तीच, परंतु बाकीच्या गीतांची पाने कोणी उघडीना. आज हातातल्या मोबाईलवर पुष्कळ गाणी ऐकावयास मिळतात हे खरे आहे. पण आपल्याला हवी तीच चाल तेथे सापडेल असे नाही, आणि सापडली तरी ती पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून घ्यावी लागते. ज्या मुलाला स्वर वाचता येतात त्याला पुस्तकच गुरू होते.

तेव्हा मी मुलांस स्वरलेखन शिकविण्याचे मनावर घेतले, आणि पहिल्याच पावलाला चुकलो. फळ्यावर पाच रेघा काढल्या, खुणांची नावे सांगितली व ती पाठ करून घेतली. मुलांनी नावे पाठ केली, पण गाता एकालाही येईना. आणि एकेक करून मुले येईनाशी झाली. दोष मुलांचा नव्हता. जो स्वर कानात बसलाच नव्हता त्याची खूण मी त्यांच्या डोळ्यांपुढे धरीत होतो. आंबा न चाखलेल्या मुलास ‘आंबा’ हे अक्षर दाखवून त्याच्या तोंडास पाणी कसे सुटावे? आधी वस्तू, मग तिची खूण, हाच शिकविण्याचा खरा क्रम होय. मधला पूल म्हणून हाताला धरता येईल, पायाने चढता येईल असे काही साधन लागते. अशा साधनांचाच विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

१. हे काम पूर्वी कोणी केले

हा प्रश्न नवा नाही. इटली देशातील आरेत्सो येथील ग्वीदो नावाच्या संन्याशाने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हीच अडचण पाहिली. गाणाऱ्या मुलांची दहा दहा वर्षे केवळ पाठांतरात जात आणि तरीही नवे गीत त्यांस आपण होऊन म्हणता येत नसे. त्याने रेघांवर स्वर मांडले, त्यांपैकी एका रेघेस तांबडा व एकीस पिवळा रंग दिला, म्हणजे डोळ्यास ठिकाण चटकन सापडावे. योहान बाप्तिस्मा करणारा ह्याच्यावरील एका लॅटिन गीताच्या ओळी एकेक स्वर वर चढत आरंभ होतात. त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून त्याने स्वरांस नावे दिली. पुढे त्याच्या नावाने ‘ग्वीदोचा हात’ प्रसिद्ध झाला. डाव्या हाताच्या पेरांवर स्वरांची ठिकाणे ठरवून गुरू उजव्या हाताने ती दाखवी व शिष्य गात. हा हात त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत आढळत नाही, परंतु पुढे कित्येक शतके शिक्षकांनी तो वापरला.

इंग्लंडातील नॉरिच शहरी सेरा ॲन ग्लोव्हर (१७८६–१८६७) ह्या बाई एका पाळकाच्या कन्या होत्या. गरिबांच्या मुलांस गाणे शिकविताना त्यांनी स्वरांची एक शिडी केली व स्वरांस साधी अक्षरे दिली. ठराविक स्वरांत लावलेल्या काचेच्या पट्ट्यांचे एक वाद्यही त्यांनी मुलांसाठी योजिले होते. त्यांचे पुस्तक १८३५ साली निघाले.

पुढे १८४१ साली हल येथे शब्बाथ शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांस गाणे शिकविण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढावी, असे काम तिने जॉन कर्वेन (१८१६–१८८०) ह्या तरुण पाळकावर सोपविले. कर्वेन स्वतः गाण्यात मुळीच तरबेज नव्हते, आणि हेच त्यांच्या पथ्यावर पडले. शिकणाऱ्याची अडचण त्यांस स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होती. त्यांनी ग्लोव्हर बाईंची रीत घेतली, तीत फेरफार केले व १८७० साली तिला हाताच्या खुणांची जोड दिली. ही पद्धत मिशनच्या शाळांतून दूरवर गेली. दक्षिण आफ्रिकेत इनॉक सोंटोंगा ह्या शाळामास्तराने १८९७ साली रचलेले गीत, ज्याचा भाग आज त्या देशाच्या राष्ट्रगीतात आहे, ते ह्याच अक्षरांत लिहिले गेले. आपल्या देशात मिझोराममधील मंडळ्यांची गीतपुस्तके ह्याच अक्षरलेखनात छापतात, आणि तेथील खेड्यापाड्यांतील लोक त्यावरून निरनिराळ्या आवाजांचे भाग वाचून एकत्र गातात.

विसाव्या शतकात हंगेरी देशातील झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) व त्यांचे सहकारी येनो आदाम ह्यांनी ह्याच खुणा आपल्या शाळांत नेल्या. केच्केमेत गावी १९५० साली निघालेल्या शाळेत मुलांस रोज गायन शिकवीत.

२. आपल्या घरचे भांडवल

वरील पद्धतीचा गाभा हा, की ‘दो’ हा स्वर एका ठिकाणी बांधलेला नाही. गीत उंच घ्या की खाली घ्या, जेथून घ्याल तेथे ‘दो’. आता पाहा, आपला षड्ज नेमका असाच आहे. पेटी वाजविणारा काळी एकमध्ये सा धरील किंवा पांढरी चारमध्ये धरील. सा तो साच. युरोपातील मुलांस जे प्रयासाने समजावावे लागले ते आपल्या मुलांस परंपरेनेच मिळाले आहे. म्हणून परकी अक्षरे शिकविण्याची गरज नाही. सा रे ग म प ध नी हीच नावे घ्यावी. शुद्ध स्वरांचा आपला बिलावल थाट व तिकडील मुख्य सप्तक ह्यांची मांडणी एकच आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांच्या स्वरलिपीच्या खुणाही थोड्याच आहेत. स्वराखाली टिंब असल्यास मंद्र, वर टिंब असल्यास तार. स्वराखाली आडवी रेघ असल्यास कोमल. म वर उभी रेघ असल्यास तीव्र. स्वर लांबवावयाचा असल्यास पुढे आडवी रेघ, आणि एका मात्रेत अनेक स्वर असल्यास त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी वाकडी रेघ. एवढे आले की अक्षरांचे स्वरलेखन वाचता येते. पाच रेघांचे लेखन त्यानंतर शिकवावे.

३. पहिले साधन : भिंतीवरील शिडी

शाळेच्या भिंतीवर चुन्याने किंवा कोळशाने एक शिडी काढावी. तिची उंची तीन फूट असावी. सा पासून रे सहा इंचांवर, रे पासून ग सहा इंचांवर, ग पासून म मात्र तीनच इंचांवर. मग प, ध, नी सहा सहा इंचांवर, आणि नी पासून वरचा सा पुन्हा तीन इंचांवर. पायऱ्या सारख्या अंतरावर काढू नयेत. ग व म ह्यांमध्ये आणि नी व वरचा सा ह्यांमध्ये अर्धेच अंतर आहे. ते कानास कळते, पण कागदावर सा रे ग म ओळीने लिहिले म्हणजे दिसत नाही. शिडीवर ते डोळ्यास दिसते, व तेथेच मुलाच्या चुका थांबतात. ‘म’ उंच चढविण्याची खोड आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांस होती. जवळची पायरी बोटाने दाखवू लागल्यावर ती हळूहळू सुटली.

शिक्षकाने हाती काठी घ्यावी. आधी स्वतः गावे व काठी दाखवावी. मग मुलांनी गावे व शिक्षकाने केवळ काठी फिरवावी. पुढे एखाद्या मुलाच्या हाती काठी द्यावी. इतरांनी त्याची आज्ञा पाळावी. ओळखीच्या गीताची ओळ न बोलता काठीने दाखवून ‘हे गीत कोणते?’ असे विचारावे. मुलांस हा खेळ फार आवडतो, आणि नकळत ती वाचू लागलेली असतात. कोमल स्वर पुढे शिकवावयाचे झाल्यास दोन पायऱ्यांच्या मध्ये बाजूस लहान पायरी काढावी.

४. दुसरे साधन : हाताच्या खुणा

हे साधन विकत घ्यावे लागत नाही व विसरूनही राहत नाही. सा साठी मूठ वळावी. हा स्थिर स्वर आहे. रे साठी पंजा उघडून बोटे वर तिरपी करावी, जणू चढण चढत आहे. ग साठी पंजा तळवा खाली करून आडवा धरावा. हा शांत स्वर. म साठी कर्वेन तर्जनी खाली दाखवीत; हल्ली बहुधा अंगठा खाली करतात. तो ग कडे उतरू पाहतो. प साठी पंजा उघडा ठेवून तळवा आपल्या छातीकडे करावा. ध साठी मनगट वर व बोटे सैल खाली सोडावी. ह्यात करुणा आहे. नी साठी तर्जनी वर तिरपी करावी. तो वरच्या सा कडे ओढतो. वरच्या सा ला पुन्हा मूठ.

हात कमरेपासून आरंभ करून स्वराबरोबर वर जावा, व वरचा सा कपाळाच्या उंचीस यावा. खूण दाखविली पण हात जागीच राहिला, तर अर्धा उपयोग गेला. उजव्या हाताने एका ओळीस व डाव्या हाताने दुसऱ्या ओळीस खुणा केल्या म्हणजे वर्गाचे दोन भाग एकाच वेळी निराळे स्वर गाऊ शकतात. परंतु ही पुढची पायरी आहे, तिची घाई करू नये.

५. तिसरे साधन : पाण्याच्या वाट्या

सारख्या आकाराच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाट्या मिळाल्यास त्यांत कमीअधिक पाणी घालून लाकडी काडीने हलकेच वाजवाव्या. आपले जलतरंग हेच. पाणी वाढविले की स्वर उतरतो. मुलांनी थेंब थेंब पाणी घालून स्वतः सा, ग, प जुळवावे. जुळविताना कान जितका तयार होतो तितका केवळ ऐकून होत नाही. येथे एक गंमत दाखवावी : तेच पाणी बाटलीत घालून तोंडाने फुंकले तर उलटे होते, पाणी वाढले की स्वर चढतो, कारण तेथे बाटलीतील हवा वाजते, आणि हवेची जागा कमी झालेली असते.

६. चौथे साधन : मात्रेच्या पट्ट्या

स्वर उंच की खाली हे एक, आणि तो किती वेळ धरावा हे दुसरे. दोन्ही एकदम शिकवू नये. कागदाची एक लांब पट्टी घ्यावी. ती चार मात्रांची. तिची घडी घालून कापली की दोन मात्रांच्या दोन. पुन्हा कापली की एकेका मात्रेच्या चार. आणखी कापली की अर्ध्या मात्रेच्या आठ. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हे मुलांस घरीच कळलेले असते; त्यामुळे येथे फार बोलावे लागत नाही. एका मात्रेस ‘ता’, दोन अर्ध्या मात्रांस ‘ता-ते’, दोन मात्रांस ‘ता-आ’ असे म्हणावे व हाताने सारखी टाळी धरावी. अशी बोलनावे एमे पारी ह्या फ्रेंच शिक्षकाने चालविली होती व कर्वेन ह्यांनी ती घेतली. मुलांनी पट्ट्या जमिनीवर ओळीने मांडून चार चार मात्रांचे घर भरावे, व मग ते घर टाळीसह म्हणावे. घर अपुरे राहिले किंवा भरून सांडले तर मुलास आपली चूक आपणच दिसते.

पुढे पाच रेघांच्या लेखनात ह्याच पट्ट्यांस खुणा लावाव्या : चार मात्रांस पोकळ अंडे, दोन मात्रांस पोकळ अंडे व दांडी, एका मात्रेस भरीव अंडे व दांडी, अर्ध्या मात्रेस त्याच दांडीला एक शेपूट.

७. पाचवे साधन : पाच बोटांच्या पाच रेघा

डावा हात चेहऱ्यासमोर आडवा धरावा, तळवा आपल्याकडे, करंगळी खाली व अंगठा वर, बोटे पसरलेली. पाच बोटे ह्या पाच रेघा, मधली चार अंतरे ही चार घरे. मोजणे नेहमी खालून वर. उजव्या हाताच्या बोटाने एखादी रेघ किंवा घर दाखवावे व मुलांनी गावे.

येथे एकच नियम पक्का करावा. सा रेघेवर असेल तर ग, प व नी रेघांवरच येतात, आणि रे, म, ध व वरचा सा घरांत येतात. सा घरात असेल तर हे सर्व उलट होते. एवढ्या नियमावर मूल कोणत्याही ठिकाणच्या सा पासून वाचू शकते. उदाहरणार्थ, सा पाच रेघांच्या खाली जादा काढलेल्या लहान रेघेवर असला तर ग करंगळीवर, प अनामिकेवर, नी मधल्या बोटावर, आणि वरचा सा खालून तिसऱ्या घरात येतो.

८. सहावे साधन : अंगणातील रेघा व चिंचोके

अंगण सारवून रांगोळीने किंवा राखेने पाच रेघा ओढाव्या; दोन रेघांत एक फूट अंतर असावे. शिक्षकाने सा चे ठिकाण सांगून तेथे दगड ठेवावा. शिक्षक गाईल त्या स्वरावर मुलाने जाऊन उभे राहावे; मग मुले जेथे उभी आहेत ते इतरांनी गावे. सात मुले ओळीने उभी राहिली की एक ओळ तयार झाली. एक मूल एक घर वर सरकले की चाल बदलली. ती पुन्हा गावी.

पाऊस असेल तर हेच घरात करावे. गोणपाटावर किंवा पाटीवर पाच रेघा काढून प्रत्येक मुलास मूठभर चिंचोके द्यावे. शिक्षकाने तीन स्वर गावे, मुलांनी तीन चिंचोके मांडावे. मांडलेले बोटाने पुसून टाकता येते, कोणी लाल शाईने खोडीत नाही. म्हणून भित्रे मूलही येथे हात चालविते.

पाच रेघा सारख्या अंतरावर असतात, म्हणून ग–म व नी–सा ह्यांतील अर्धे अंतर त्यांत दिसत नाही. ह्यासाठी भिंतीवरील शिडी कधी पुसू नये. मूल अडले की तिच्याकडे बोट करावे.

९. कोणता स्वर आधी

सातही स्वर एकदम देऊ नयेत. कर्वेन आधी सा, ग, प हे तीन घेत. मग नी व रे. आणि शेवटी म व ध. कोदाय ह्यांच्या मार्गाने जाणारे शिक्षक प व ग ह्या दोनच स्वरांपासून आरंभ करतात, कारण लहान मुलांच्या खेळातील हाकांत हे उतरते अंतर पुष्कळदा येते. दोन्ही रीती चांगल्या आहेत. एक धरावी व ती सोडू नये. रोज पंधरा मिनिटे पुरेत. पहिली पाच कानासाठी, दुसरी पाच शिडी किंवा खुणांसाठी, शेवटची पाच वाचण्यासाठी. आठवड्यातून एकदा तासभर शिकविण्यापेक्षा हे अधिक फळ देते.

१०. सावधगिरीच्या काही गोष्टी

पेटीवर चाल वाजवून मग मुलांकडून वाचवून घेऊ नये. ते वाचन नव्हे, पाठांतर होय. पेटीने केवळ सा द्यावा व बंद व्हावे. ओळ संपल्यावर पुन्हा सा वाजवून स्वर उतरला काय ते पाहावे.

ओळखीच्या गीतावर परीक्षा घेऊ नये. शिक्षकाने स्वतः चार मात्रांची नवी ओळ लिहावी, जी कोणी ऐकलेली नाही. ती म्हटली तरच मुलास वाचता आले असे समजावे.

तिसरी गोष्ट अशी की, अभंग व भजन ह्यांतील मींड व मुरकी कोणत्याही लेखनात पुरती उतरत नाही. कागद सांगाडा देतो. रक्तमांस वडील माणसांच्या कंठातूनच घ्यावे लागते. स्वर वाचणाऱ्या मुलाने वृद्धांजवळ बसण्याचे सोडू नये. उलट, त्यांच्या चाली लिहून ठेवण्याचे काम त्यालाच करता येईल.

वर सांगितलेल्या मंडळीची गोष्ट पुरी करतो. तेथील वर्गातील एक मुलगी, जिला गाता येत नाही असे घरचेच म्हणत, ती जुने स्वरांचे पुस्तक घेऊन ओसरीवर बसली व चिंचोके मांडीत एक विसरलेले गीत जुळवू लागली. पहिली ओळ तिने तीनदा मोडली व चौथ्यांदा म्हटली. दळण घेऊन चाललेली एक म्हातारी दारात थांबली, आणि दुसरी ओळ तिने आपण होऊन उचलली. पुढच्या रविवारी ते गीत मंडळीत म्हटले गेले. मुलीने लेखनावरून म्हटलेल्या एका जागी म्हातारीने हरकत घेतली व ती जागा कशी वळवावयाची ते दाखविले. मुलीने ती पुस्तकात पेन्सिलीने लिहून ठेविली.

शिक्षकांनी विचार करावयाचे प्रश्न

१. आपल्या मंडळीत किती चाली एकाच माणसाच्या कंठात आहेत? त्या कोणी लिहून घेतल्या आहेत काय?

२. शिडीच्या कोणत्या दोन ठिकाणी अर्धे अंतर आहे? स्वतः गाऊन पाहा.

३. सा दुसऱ्या रेघेवर असता ग व प कोठे येतील? बोटांवर दाखवा.

४. आठ अर्ध्या मात्रांच्या पट्ट्यांनी चार मात्रांचे घर किती तऱ्हांनी भरता येईल, ते मुलांकडून करवून घ्या.